घोड्याच्या जागी मोटारसायकल

इंग्लंडातल्या जुन्या कथागीतांत घोडा हमखास असतो. वाटमारी करणारा नायक, त्याची प्रेयसी, घोडा आणि शेवटी मरण. इंग्लिश गायक-गिटारवादक रिचर्ड थॉम्पसनने १९९१ साली तो घोडा सोडून दिला आणि तिथे मोटारसायकल बांधली. ‘१९५२ व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग’ हे त्या गाण्याचं नाव, त्या गाडीचंच. लाल केसांची मॉली गाडीवर भाळते, गाडीचा मालक, दरोडेखोर जेम्स, त्याला गोळी लागते, आणि मरता मरता तो तिच्या हातात किल्ली ठेवतो. बस्स, एवढंच. बुलेटवरून मिरवणाऱ्यांच्या आपल्या देशात हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

गाताना सोबतीला त्याची एकच गिटार. ऐकताना मात्र मागे अजून कुणीतरी बसलंय असं वाटत राहतं. अंगठा आणि तर्जनीत पिक (तारा छेडायची चपटी पट्टी) धरून तो जाड तारा हाकतो आणि उरलेल्या बोटांनी बारीक तारा छेडतो. त्यात सगळ्यात जाड दोन तारा नेहमीपेक्षा खाली उतरवलेल्या, त्यामुळे घुमारा अधिक.

हा माणूस लंडनचा, जन्म १९४९चा. वडील मूळचे स्कॉटिश, स्कॉटलंड यार्डमध्ये पोलीस, आणि हौशी गिटारवादक. पोलिसाच्या पोराने पुढे दरोडेखोराचं गाणं लिहावं, याची मला गंमत वाटते. १९६७ साली, अठराव्या वर्षी तो ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ या बँडमध्ये होता. त्या वेळी लंडनच्या गिटारवाल्यांचे कान अमेरिकेकडे लागलेले. यांचेही बरेचसे तिकडेच.

मे १९६९मध्ये कार्यक्रमाहून परतताना त्यांची व्हॅन उलटली. एकोणीस वर्षांचा ड्रमर मार्टिन लँबल गेला, थॉम्पसनची मैत्रीण जीनी फ्रँकलिनही गेली. पूर्वीची गाणी पुन्हा वाजवणं कुणालाच जमेना. हँपशरमधल्या एका घरात सगळे एकत्र राहिले, आणि वर्ष संपायच्या आत ‘लीज अँड लीफ’ हा अल्बम आला: शेकडो वर्षांची इंग्लिश-स्कॉटिश गाणी, ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटारवर. थॉम्पसनची गिटार इथून पुढे अमेरिकी ब्लूजपेक्षा स्कॉटिश बॅगपाइपच्या जवळची वाटते. एका तारेवर सूर धरलेला, शेजारच्या तारेवर चाल. तंबोऱ्यावर पोसलेल्या कानांना हे ओळखीचं वाटायला वेळ लागत नाही.

पुढचा हिशेब भराभर सांगता येतो: १९७१मध्ये तो बँडमधून बाहेर पडला, पत्नी लिंडाबरोबर उत्तम अल्बम केले, मग संसार मोडला, त्यानंतर चार दशकं एकट्याची वाटचाल. मोठा स्टार काही तो झाला नाही. झाला असता तर पुढचा उद्योग त्याच्या हातून झाला असता का, शंकाच आहे.

१९९९च्या अखेरीस ‘प्लेबॉय’ मासिकाने काही संगीतकारांकडे सहस्रकातल्या सर्वोत्तम गाण्यांची यादी मागितली. मागणाऱ्यांच्या मनात शेवटची चाळीस-पन्नास वर्षंच असणार. याने सहस्रक म्हणजे सहस्रक धरलं आणि पार मध्ययुगापासून सुरुवात केली. यादी छापून आली नाही. मग त्याने त्याच कल्पनेवर कार्यक्रमच उभा केला. त्यात ‘समर इज इकुमन इन’ आहे, तेराव्या शतकातलं, म्हणजे आपल्या ज्ञानेश्वरीच्या शतकातलं. आणि ब्रिटनी स्पिअर्सचं ‘उप्स! आय डिड इट अगेन’सुद्धा आहे. नुकसान मासिकाचं झालं.