आमची वाटचाल: आधी तोंडी, मग कागदावर

मोठ्या कंपन्यांना नफ्यातला काही वाटा सामाजिक कामांवर (म्हणजे सीएसआरवर) खर्च करायला लावणारं कंपनी कायद्याचं कलम १३५ एप्रिल २०१४ मध्ये लागू झालं. त्याच वर्षी आम्ही दोघी मैत्रिणींनी पुण्यात एका भाड्याच्या खोलीत सामाजिक प्रकल्पांच्या मूल्यमापनाचं काम सुरू केलं. त्याआधी दोघींनी संस्थांमध्ये नोकऱ्या केल्या होत्या. बाहेरून कुणी मूल्यमापनाला येणार म्हटलं की कार्यकर्त्यांच्या पोटात कसा गोळा येतो, हे आम्ही अनुभवलं होतं. तरीही आमच्या पहिल्या मोठ्या कामात आम्ही तेच एका संस्थेला भोगायला लावलं.

काम बीड जिल्ह्यातलं होतं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ती संस्था संध्याकाळचे वाचनवर्ग चालवायची आणि पैसे एका कंपनीच्या सीएसआर निधीतून यायचे. आम्ही जुलैत बेसलाइन, म्हणजे सुरुवातीची पाहणी केली आणि डिसेंबरात एंडलाइन, म्हणजे शेवटची. वर्गात निम्मीसुद्धा मुलं नव्हती. टॅबवरच्या फॉर्ममध्ये जे दिसलं ते आम्ही नोंदवलं, तक्ते केले आणि अहवालाचा मसुदा कंपनीला व संस्थेला एकाच दिवशी ईमेलने पाठवून दिला. कंपनीने पुढचा हप्ता थांबवला.

त्या संध्याकाळी संस्थेच्या ताईंचा फोन आला. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. एवढंच विचारलं, "ताई, तुम्ही दुसऱ्यांदा आलात तेव्हा गावात म्हातारी माणसं सोडून कोण भेटलं तुम्हाला?"

दसरा झाला की टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, कारखान्यांच्या फडांवर. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि मागे सांभाळायला कुणी नसलं की मुलंही बैलगाडीत चढतात. गुढीपाडव्याच्या आसपास माणसं परततात. बीडमध्ये हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आम्हालाही ऐकून माहीत होतं, पण सर्वेक्षणाचं वेळापत्रक ठरवताना आम्ही कंपनीच्या तारखा पाहिल्या, संस्थेला विचारलंच नाही. आमचे आकडे खरे होते आणि अहवाल चुकीचा होता.

एप्रिलमध्ये आम्ही स्वतःच्या खर्चाने पुन्हा गेलो. आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलांचं वाचन खरंच सुधारलं होतं. फडावर गेलेली मुलं होती तिथेच होती, काही तर मागे गेली होती. ताईंना हा दुसरा निष्कर्षही सोपा नव्हता. पण या वेळी तो आम्ही त्यांच्या ओसरीवर बसून, त्यांच्या सगळ्या कार्यकर्त्यांसमोर, मराठीत सांगितला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक कार्यकर्ती म्हणाली की आपण पालकांना मुलं मागे ठेवायला सांगतो ते दिवाळीच्या तोंडावर, उचल घेऊन झाल्यावर. सांगायचं असेल तर उन्हाळ्यातच सांगायला हवं. पुढच्या वर्षी त्यांनी तसं केलं.

तेव्हापासून आमच्याकडे एक रीत आहे. निष्कर्ष आधी तोंडी सांगायचा, मग कागदावर आणायचा. मसुदा पाठवण्याआधी आमच्यापैकी कुणीतरी संस्थेत जाऊन एक दिवस बसतं. लॅपटॉप उघडायची घाई करत नाही. संचालकांबरोबर वर्गावर शिकवणारी, रजिस्टर भरणारी माणसंही तिथे असावीत असा आमचा आग्रह असतो, कारण 'असं का झालं' याचं उत्तर बहुतेक वेळा त्यांच्याकडेच मिळतं. त्या दिवसाचे पैसे आम्ही करारात लावतो. कंपन्या कधीकधी विचारतात हा खर्च कशाचा, तेव्हा बीडची गोष्ट सांगते.

मात्र आपुलकी म्हणजे गोड बोलणं, असा अर्थ आम्ही कधी घेतला नाही. तीन वर्षं जिव्हाळ्याने जोडलेल्या एका संस्थेने दोन परिच्छेद काढून टाकायला सांगितले. तुमचं स्पष्टीकरण शेजारीच छापू, पण मजकूर काढणार नाही, असं आम्ही सांगितलं. ते काम गेलं, माणसंही दुरावली. आजही त्यांच्या जिल्ह्यात गेलं की मला वाईट वाटतं. तरी पुन्हा तेच करू.

जानेवारी २०२१ मध्ये नियम बदलले. ज्या कंपन्यांचं सीएसआरचं बंधन लगतच्या तीन वर्षांत सरासरी दहा कोटी किंवा त्याहून जास्त आहे, त्यांना एक कोटी व त्यावरच्या प्रकल्पांचं परिणाम मूल्यमापन बाहेरच्या स्वतंत्र यंत्रणेकडून करून घेणं सक्तीचं झालं. आमच्या क्षेत्रात कामाचा पूर आला. मार्चअखेर अहवाल हवा, म्हणून फोनवर फोन. आम्ही मोजकीच कामं घेतली. नियमाप्रमाणे मूल्यमापन प्रकल्प संपून किमान एक वर्ष झाल्यावर होतं. तोवर निधी थांबलेला असतो आणि निम्मे कार्यकर्ते दुसरीकडे लागलेले असतात. अशा वेळी माळ्यावरच्या पेटीतली रजिस्टरं शोधून द्यायची, जुन्या सहकाऱ्याला फोन लावून द्यायचा, हे संस्था विश्वास असेल तरच मनापासून करते. एका ठिकाणी नोकरी सोडून गेलेली मुलगी रविवारी आमच्यासोबत वाडी-वाडी फिरली. मानधन आम्ही दिलंच, पण ती त्यासाठी आली नव्हती.

गावात निष्कर्ष सांगायला परत जाणं हे आमचं सर्वांत आवडतं काम. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये भिंतीवर मोठा कागद लावतो आणि त्यावर रंगीत पट्ट्या काढतो. एकदा एक आजी जवळ आल्या, सर्वांत उंच पट्टीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "यात माझी नात कुठली?" माझ्या सहकारी ताईंनी पट्टीच्या वरच्या टोकाजवळ पेनने एक छोटा ठिपका काढला. आजी तो बराच वेळ बघत उभ्या होत्या. तो कागद आमच्या ऑफिसात आहे.

बीडच्या ताई दरवर्षी पावसाळा सरताना कोणत्या वाडीवरून किती कोयते निघणार याची यादी पाठवतात. यंदाचीही आली. आमचा त्यांच्याशी आता कुठलाच करार नाही. त्या तालुक्यात कुणासाठीही सर्वेक्षण असलं, तरी महिना आम्ही त्या यादीवरून ठरवतो.