फेडर खाली ओढला तेव्हा

सभांना आवाज पुरवणं हे माझं काम. वक्ता उभा राहिला की लोक त्याच्या चेहऱ्याकडे बघतात, मी हनुवटीकडे. हनुवटी आणि माइक यांत वीतभर अंतर हवं. ते दुप्पट झालं की पातळी सहा डेसिबलने पडते. तोंड अगदी चिकटवलं तर खर्ज फुगतो आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ बार उडाल्यासारखे येतात. म्हणून मान हलवत बोलणाऱ्याच्या मागे माझं बोट फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या खटक्यावर, सतत फिरत असतं. हे नीट जमलं तर कुणाला कळतही नाही, आणि मला तेच हवं असतं.

त्या दिवशी शोकसभा होती. प्रत्येकाला पाच मिनिटं दिली होती, पहिल्या चौघांपैकी एकानेही पाळली नाहीत. ‘फार वेळ घेणार नाही’ म्हणणाऱ्याने चोवीस मिनिटं घेतली, त्यात गेलेल्या माणसाबद्दल जेमतेम दोन. मला याची चीड येते. शोकसभेत स्वतःचाच परिचय करून देणारे मी खूप ऐकलेत.

मग गेलेल्या गृहस्थांची धाकटी बहीण आली. हातात कागद नव्हता.

“दादा मला रोज सकाळी फोन करायचा. काम काहीच नसायचं.”

एवढं बोलून त्या थांबल्या.

मंचावर तीन माइक उघडे होते. उघडे माइक जितके जास्त, तितकी शिट्टी लवकर वाजते. म्हणून कुणी बोलत नसेल तो माइक खाली घ्यायचा, ही बोटांनाच लागलेली सवय. मीटर तळाला गेला. पाच सेकंद झाले, सहा झाले. सूत्रसंचालक खुर्चीतून उठायला लागला. शांतता त्यालाही सोसत नव्हती. मला वाटलं, बाईंना आता पुढे बोलता येणार नाही. फेडर खाली ओढला.

आणि त्या बोलल्या.

फक्त ओठ हलताना दिसले. फेडर वर नेईपर्यंत वाक्य संपलं होतं. पुढच्या दोन रांगांनी डोळ्यांना पदर, रुमाल लावले. मागचे एकमेकांकडे बघत राहिले. रेकॉर्डिंगची जोडणी मी फेडरच्या नंतर घेतली होती, त्यामुळे तिथेही नुसती शांतता. फेडरच्या आधी घेतली असती तर वाक्य राहिलं असतं. दोन मिनिटांचं काम होतं.

२८ ऑगस्ट १९६३ची वॉशिंग्टनची सभा तेव्हापासून सारखी आठवते. तिथली ध्वनियंत्रणा आधी कुणीतरी बिघडवली होती, लष्कराच्या सिग्नल विभागाने ती वेळेत दुरुस्त केली. मार्टिन ल्यूथर किंग लिहून आणलेलं भाषण करत होते. जवळच उभ्या गायिका महालिया जॅक्सन ओरडल्या, स्वप्नाबद्दल सांग! किंग यांनी कागद सोडला. जगाला जो भाग पाठ आहे तो त्या कागदावर नव्हताच. पुढे काय येणार हे यंत्रावर बसलेल्यालाही ठाऊक नसणार. पण माइक उघडा होता.

आठवड्यानंतर त्या गृहस्थांच्या मुलाचा फोन आला. “आत्या मध्ये काय म्हणाली, तेवढं सापडेल का हो?”

माझ्या हातून गेलं, असं मी त्याला सांगितलं. मग पुढच्या रांगेतल्या दोघांना विचारून बघितलं. एक म्हणाले, ‘आता सकाळी मीच फोन करते, तो उचलत नाही,’ असं काहीतरी होतं. दुसऱ्या म्हणाल्या, छे, फोनचं नव्हतंच ते, त्यांनी दादाला नुसती हाक मारली.

त्यांना स्वतःला विचारायला फोन दोनदा हातात घेतला. सकाळची वेळ होती, म्हणून ठेवून दिला.