ल्हवेलिन, सिंह आणि मुंगूस

वेल्श नाव देवनागरीत लिहायला घेतलं की पहिल्याच अक्षराला गाडी अडते. ‘ल्हवेलिन’ (Llywelyn) ही निव्वळ तडजोड. तो कोल्हापुरातला ‘ल्ह’ नव्हे, आणि बाळातला ‘ळ’ तर मुळीच नव्हे. ‘ल’ म्हणताना जिभेचं टोक जिथं टेकतं तिथंच ठेवायचं, कंठ गप्प ठेवायचा आणि जिभेच्या कडेनं नुसती हवा सोडायची. गळ्याला बोट लावून बघा. थरथर जाणवली की चुकलं. जोर पुढच्या ‘वे’वर. इंग्रजांची जीभ इथं ‘क्ल’वर किंवा ‘फ्ल’वर घसरते. शेक्सपिअरनं ‘हेन्री द फिफ्थ’मधल्या वेल्श कॅप्टनचं नाव सरळ ‘फ्लुएलेन’ करून टाकलं!

सुरुवातीचा हा जोड-एल वेल्शमध्ये एकच अक्षर. शब्दकोड्यात एकाच चौकोनात बसतो. त्यामुळे नावाच्या मध्येही एल दुप्पट करणारं इंग्रजी स्पेलिंग म्हणजे तिथं वेगळंच अक्षर घुसवणं.

अर्थ विचारला तर बहुतेक जण ‘सिंहासारखा’ सांगतात, कारण सिंहाचा वेल्श शब्द या नावाच्या सुरुवातीशी जुळतो. पण हा अर्थ मागाहून चिकटवलेला. मुळात ही लुगुस आणि बेलेनोस या दोन केल्टिक देवांच्या नावांची जोडी असावी, आपल्या रामकृष्णासारखी.

नाव गाजवलं ते उत्तर वेल्समधल्या ग्विनेद राज्याच्या राजघराण्यानं. थोरला ल्हवेलिन इंग्लंडच्या जॉन राजाचा जावई. 1240 मध्ये वारला. त्याच्या ल्हवेलिन नावाच्याच नातवाला 1267 च्या माँटगोमेरी तहानं इंग्लंडच्या राजानं ‘वेल्सचा प्रिन्स’ मानलं, आणि 11 डिसेंबर 1282 रोजी किलमेरीजवळ तो मारला गेला. मुंडकं लंडनला गेलं. बाँडपटांत ‘क्यू’ची भूमिका करणारा नट, डेझमंड ल्हवेलिन, हाही वेल्सचाच, न्यूपोर्टचा.

थोरल्याच्या नावावर एक दंतकथा आहे. शिकारीहून परतला तर पाळणा उलथलेला, कुत्र्याचं तोंड रक्तानं माखलेलं. त्यानं तलवार खुपसली. मग पाळण्याखाली बाळ सुखरूप दिसलं आणि शेजारी मेलेला लांडगा. ओळखीचं वाटतंय ना? लांडग्याच्या जागी साप आणि कुत्र्याच्या जागी मुंगूस ठेवलं की पंचतंत्रातली गोष्ट तयार. बेदगेलर्ट गावात त्या गेलर्ट कुत्र्याची समाधी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती उभारली एका हॉटेलवाल्यानं, गिऱ्हाईक वाढावं म्हणून, असं म्हणतात. पर्यटक अजून तिथं जाऊन हळहळतात.