रायफलीवर स्कोप बसवताना: विस्कॉन्सिनमधला माझा अनुभव

भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकारीचा विषयच मिटला. इथे विस्कॉन्सिनमध्ये मात्र थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो, आणि त्याच्या आधी शूटिंग रेंजवर स्कोप, म्हणजे रायफलीवरची नेम धरायची दुर्बीण, जुळवणाऱ्यांची रांग लागते. कायद्याचं आधी उरकतो. 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असणाऱ्यांना फेडरल कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. अमेरिकेतला वैध शिकार परवाना हातात असेल तर अपवाद आहे. म्हणून आधी परवाना, मग दुकान.

माझी रायफल .308 विंचेस्टर काडतुसाची, बोल्ट-अ‍ॅक्शन. इथल्या जंगलात बहुतेक हरणं शंभर यार्डांच्या आतच दिसतात, त्यामुळे दुकानदार दाखवत होता तो 6-24 पॉवरचा लांबलचक स्कोप मला नको होता. 3-9x40 घेतला, म्हणजे पॉवर तीन ते नऊ पट आणि पुढचं भिंग 40 मिमी, एक इंची ट्यूबचा. कमी पॉवरला दृश्य रुंद दिसतं आणि झाडीत हलणारं हरीण चटकन सापडतं.

पॉवरपेक्षा उजेडाचं गणित महत्त्वाचं. इथे सूर्योदयाआधी 30 मिनिटं ते सूर्यास्तानंतर 20 मिनिटं एवढी शिकारीची वेळ, आणि हरणं हलतात ती नेमकी या दोन टोकांना. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पॉवर म्हणजे डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी. 40 भागिले 9 म्हणजे 4.4 मिमी, सहावर आणलं की 6.7 मिमी. अंधारात बाहुली साधारण 5 ते 7 मिमी उघडते, वय वाढेल तशी कमी. म्हणजे संधिप्रकाशात पॉवर नऊवरून सहावर आणली की तोच स्कोप उजळ दिसतो. 50 मिमीचं भिंग घेतलं नाही, कारण ते नळीला लागू नये म्हणून रिंगा (स्कोपला धरणारी कडी) उंच घ्याव्या लागतात आणि मग गाल दस्त्यावरून सुटतो. फुली (नेम धरायच्या आडव्या-उभ्या रेघा) साधी डुप्लेक्स घेतली, बाहेर जाड आणि मध्यभागी बारीक. पॉवरबरोबर लहानमोठी होणारी फुली लांब पल्ल्याला उपयोगी, पण तीनवर ती इतकी बारीक होते की काळपट खोडांसमोर दिसतच नाही.

आता बसवणं. सगळे पैसे स्कोपवर घालून खालचा बेस (रायफलीवर बसणारी पट्टी) आणि रिंगा स्वस्तातल्या घेणं ही सर्रास होणारी चूक. नेम हलला की शिव्या स्कोप खातो, आणि दोष बहुतेक वेळा स्क्रूचा निघतो.

कामाला लागण्यापूर्वी मॅगझिन बाहेर, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागी) बोट घालून खात्री, बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा) काढून वेगळा, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत. मग बेसच्या स्क्रूंचे आटे आणि रिसीव्हरची (बोल्ट ज्यात सरकतो तो रायफलीचा मधला भाग) भोकं रबिंग अल्कोहोलने पुसून कोरडी केली. कारखान्यातून तेल लावलेलं असतं आणि तेलावर घट्टपणाचा आकडा खोटा लागतो. माझ्या रायफलीला 6-48 मापाच्या आट्यांचे चार स्क्रू. त्यांना निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) एक थेंब. लाल लावलं तर पुढे काढताना तापवावं लागतं. पाना घट्टपणा मोजणारा, इंच-पौंडांचा हवा. गाडीच्या चाकांचा पाना फूट-पौंडांचा असतो, बारा पटींचा फरक, त्याने स्क्रूचं डोकंच उडेल. बेसचे स्क्रू मी 20 इंच-पौंडांवर घट्ट केले, रिंगांचे वरचे 18 वर. हे माझ्या कंपनीच्या कागदावरचे आकडे. तुमच्या कागदावर वेगळे असतील तर तेच पाळा.

इथेच माझं पहिल्यांदा चुकलं. माझा बेस म्हणजे एकसंध रेल, एकच लांब पट्टी, आणि तिच्याबरोबर दोन लांबीचे स्क्रू येतात. लांबातला एक मी सर्वांत पुढच्या भोकात घातला. ते भोक नळीच्या आट्यांवर उघडतं. स्क्रूचं टोक आत नळीला टेकलं, पाना नेमक्या आकड्यावर कटकन वाजला, पण स्क्रूचं डोकं रेलवर दाबून बसलंच नव्हतं. रेंजवर 100 यार्डांना गोळ्या चार इंचांत विखुरल्या, आणि काही केल्या एका जागी येईनात. पारख सोपी आहे: बाकीचे तीन स्क्रू सैल करून फक्त पुढचा आवळायचा आणि रेल हलते का बघायचं. माझी हलली. काही रायफलींत असा लांब स्क्रू बोल्टच्या वाटेत डोकावतो आणि बोल्ट बंद होताना अडखळतो. तीही हीच खूण. तेव्हाच दुसरी तपासणीही उरकून घ्यावी: फक्त पुढचे दोन स्क्रू आवळून मागे रेल आणि रिसीव्हर यांच्यामध्ये फट दिसते का ते पाहायचं. फट असेल आणि तशीच आवळली, तर रेल वाकते आणि तिच्याबरोबर स्कोपची ट्यूबही.

रिंगा रेलच्या खाचेत ठेवून पुढे ढकलायच्या आणि मगच रिंगेचा आडवा बोल्ट आवळायचा. धक्क्याने रायफल मागे जाते, स्कोप जागेवर राहू पाहतो, म्हणजे रायफलीच्या हिशोबाने तो पुढे सरकू पाहतो. रिंग आधीच खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकलेली असेल तर सरकायला जागा उरत नाही. ट्यूबवर, रिंगेला लागून, पांढऱ्या पेन्सिलीची रेघ मारून ठेवली. पहिल्या वीस गोळ्यांनंतर रेघ रिंगेपासून सुटलेली दिसली तर ट्यूब सरकते आहे. रिंगांच्या आत तेल किंवा थ्रेडलॉकर लावत नाही. ट्यूब धरली जाते ती कोरड्या घर्षणावरच.

डोळा आणि स्कोप यांतलं अंतर साधारण साडेतीन इंच. ते ठरवताना मी नोव्हेंबरचं जाड जॅकेट आणि त्यावर नारिंगी व्हेस्ट घालूनच बसलो. टीशर्टवर जुळवलं तर हंगामात कपड्यांच्या जाडीने डोळा मागे राहतो आणि दृश्याला काळी कड येते. पॉवर नऊवर ठेवायची, कारण तिथे डोळ्याला सर्वांत कमी मोकळीक मिळते. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, मग उघडायचे. मान पुढेमागे न करता पूर्ण वर्तुळ दिसेपर्यंत स्कोप सरकवायचा. फार जवळ आणला तर धक्क्याला भुवई फुटते. तशी खूण कपाळावर घेऊन फिरणारे इथे कमी नाहीत.

फुली उभी करायला गवंड्याचा ओळंबा कामी येतो. रायफल व्हाइसमध्ये, रेलवर लेव्हल ठेवून सपाट. समोर दहा-बारा मीटरवर दोरीला वजन टांगलं आणि फुलीची उभी रेघ दोरीवर आणली. टरेटच्या, म्हणजे स्कोपवरच्या नेम जुळवायच्या गुंडीच्या, टोपीवर लेव्हल ठेवून काम भागतं असं म्हणतात, पण टोपी आणि फुली काटकोनात असतीलच असं नाही. वरचे स्क्रू कर्णरेषेत, थोडेथोडे आवळायचे, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत. आवळताना ट्यूब किंचित फिरते, म्हणून शेवटी पुन्हा दोरी पाहायची. सगळं झाल्यावर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रिंगेवर नेलपॉलिशची रेघ ओढली. स्क्रू सैल झाला की रेघ तुटते.

रेंजवर सुरुवात 25 यार्डांपासून. बोल्ट काढून नळीतून पाहत लक्ष्याचा काळा ठिपका मधोमध आणला, मग रायफल न हलवता टरेट फिरवून फुली त्याच ठिपक्यावर. पहिली गोळी कागदावर लागायला एवढं पुरतं. माझ्या स्कोपचा एक क्लिक म्हणजे पाव एमओए (कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग), 100 यार्डांवर साधारण पाव इंच. 25 यार्डांवर तो पाव इंचाचाही चौथा भाग. म्हणजे तिथे एक इंच सरकायला 16 क्लिक, 100 वर चार. टरेटवरचा बाण गोळी कुठे जाईल ते सांगतो, फुली कुठे जाईल ते नाही. इथे नवखे हमखास उलटं फिरवतात.

100 यार्डांवर तीन-तीन गोळ्यांचा पुंजका काढून त्याच्या मध्यावरून हिशोब करायचा. एका गोळीमागे क्लिक फिरवत बसलात तर डबा संपतो आणि नेम तिथेच राहतो. पुंजक्यांमध्ये नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं. स्क्रू बदलल्यावर माझा पुंजका दीड इंचावर आला. मग चौकोनाची परीक्षा: 20 क्लिक वर, 20 उजवीकडे, 20 खाली, 20 डावीकडे, प्रत्येक टोकाला गोळ्या. सुमारे पाच इंचांचा चौकोन पडून शेवटच्या गोळ्या पहिल्यांवर आल्या, म्हणजे टरेट इमानदार आहे. आणि काडतूस बदललं, समजा 150 ग्रेन वजनाच्या गोळीवरून 180 वर गेलात, की हे सगळं पुन्हा.

जंगलात पॉवर तीनवर ठेवतो, आणि काय हललं ते पाहायला गळ्यात वेगळी दुर्बीण. स्कोपमधून टेहळणी करणं म्हणजे न ओळखलेल्या गोष्टीवर भरलेली बंदूक रोखणं. ती गोष्ट शेजारच्या जमिनीवरचा माणूसही असू शकते.

निगा फार नाही. भिंगावरची धूळ आधी रबरी फुगा दाबून उडवायची, मग मऊ ब्रश, आणि शेवटी लेन्सचा कागद. उलट क्रमाने केलं तर वाळूचा कण भिंगावरच्या लेपावर ओढला जातो. अमोनियाचा काचेचा स्प्रे लेप खराब करतो. थंडीत भिंगावर फुंकर मारू नये, वाफेचा बर्फ होतो. घरात आणताना रायफल रिकामी करून बंद पेटीतच दोन तास राहू द्यायची, नाहीतर उबदार हवेतलं पाणी थंड काचेवर जमतं. बाहेरून जमलेलं धुकं पुसता येतं. आतून जमलं असेल तर सील फुटून आतला नायट्रोजन गेलेला असतो, तेव्हा उघडून बघायच्या भानगडीत न पडता कंपनीकडे पाठवायचा. उजळणारी फुली असेल तर हंगाम संपताच बॅटरी काढून ठेवायची. पुढच्या ऑक्टोबरात आधी नेलपॉलिशच्या रेघा पाहायच्या आणि मग रेंजवर थंड नळीतून तीन गोळ्या.