दोन तुकडे डार्क चॉकलेट, रोज, मनापासून

दुपारचं जेवण झालं की मी डार्क चॉकलेटचे दोन तुकडे खाते. रोज. आणि कोणी ना कोणी विचारतंच, डाएट सांभाळतेस ना मग चॉकलेट कसं काय, नाहीतर बरोब्बर उलटं, अगं ते हार्टला चांगलं असतं म्हणे, मीपण सुरू करू का. दोन्हींचं उत्तर जाता जाता देण्यासारखं नाहीये म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते, कारण मला हा पदार्थ खरंच खूप आवडतो आणि त्याच्याबद्दल जे अर्धवट काहीतरी फॉरवर्ड होत फिरत असतं ते वाचून जीव तुटतो.

माझं म्हणणं असं की डार्क चॉकलेट चवीसाठी खावं. औषध म्हणून खायला गेलात की दोन गोष्टी होतात, एक तर चुकीचं चॉकलेट विकत घेतलं जातं आणि दुसरं म्हणजे "हेल्दी आहे" म्हणून अख्खा बार संपतो. चांगल्या आहारात त्याला पक्की जागा आहे, पण ती जेवणानंतरच्या गोडाची जागा आहे.

आधी ते टक्क्यांचं बघू, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. रॅपरवर 70% लिहिलेलं असतं म्हणजे त्या बारमधलं 70 टक्के वजन कोकोच्या बीपासून आलेलं आहे, त्यात कोकोचा घन भागही आला आणि कोको बटर, म्हणजे बीमधलं फॅट, तेही आलं. उरलेले 30 टक्के जवळजवळ सगळी साखर, सगळं एकजीव ठेवायला थोडं लेसिथिन, कधी व्हॅनिला. म्हणजे 100 ग्रॅमच्या 70 टक्क्यांच्या बारमध्ये 30 ग्रॅमच्या आसपास साखर आणि 85 टक्केवाल्यात साधारण 15. मिल्क चॉकलेटमध्ये हाच आकडा बऱ्याचदा 50 च्या पुढे असतो. आता 10 ग्रॅमचा एक तुकडा धरला तर 70 टक्क्यांच्या दोन तुकड्यांतून 6 ग्रॅम साखर आणि 120 च्या आसपास कॅलरीज पोटात जातात, आणि कुठल्याही गोड पदार्थाच्या मानाने हे खूपच कमी आहे. पण 70 टक्क्यांचे दोन बार एकसारखे असतीलच असं नाही, एकात कोको बटर जास्त घातलेलं असेल तर तो मऊ, लोण्यासारखा लागेल आणि दुसरा कडक, कडू, दोन्हींवर आकडा मात्र तोच. म्हणून मी टक्के बघते आणि मग लगेच घटक वाचते. पहिलं नाव कोको मास किंवा कोको लिकर, म्हणजे दळलेली कोकोची बी, असायला हवं, पहिलंच नाव साखर असेल तर परत ठेवून द्यायचं. आणि कोको बटरच्या ऐवजी दुसरं कुठलं तेल किंवा वनस्पती फॅट घातलं असेल तर तोंडात ती मजा येतच नाही, मेणचट थर बसतो टाळूला.

आता फ्लेवनॉल्स. डार्क चॉकलेट हेल्दी म्हणतात ते मुख्यतः याच्या जोरावर. ही कोकोच्या बीमधली नैसर्गिक द्रव्यं, ती रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड तयार करायला मदत करतात, त्याने वाहिन्या थोड्या सैलावतात आणि रक्त नीट वाहतं. इथपर्यंत सगळं बरोबर आहे. पण ही द्रव्यं चवीला कडू आणि तुरट असतात, आणि चॉकलेट चविष्ट करायला जे जे करतात त्यातल्या जवळपास प्रत्येक पायरीला ती कमी होत जातात! कोकोचं फळ फोडलं की आत पांढरा आंबटगोड गर आणि त्यात बिया. ताजी बी कापली तर आतून जांभळी दिसते आणि चावली तर तोंड वाकडं होईल इतकी तुरट, चॉकलेटचा वाससुद्धा नाही तिला. मग गरासकट ढीग करून किंवा लाकडी खोक्यांत भरून त्या पाच-सहा दिवस आंबवतात, ढिगाचं तापमान 45-50 अंशांपर्यंत चढतं, बी मरते, जांभळा रंग जाऊन तपकिरी होतो आणि भाजल्यावर जी चव येणार असते तिची तयारी खरी इथे होते. मग उन्हात वाळवणं, भाजणं, टरफल काढून दळणं, तासन् तास घोटणं. यात चव वाढत जाते आणि फ्लेवनॉल्स उतरत जातात.

त्यातही सगळ्यात मोठा फटका बसतो तो अल्कलीचा, म्हणजे आंबटपणा मारणाऱ्या क्षाराचा. 19 व्या शतकात नेदरलँड्समधल्या व्हान हाउटेन घराण्याने कोको सौम्य करायला त्यावर अल्कली वापरायला सुरुवात केली, त्यालाच आज डच प्रोसेस्ड म्हणतात. रंग मस्त गडद होतो, आंबटपणा जातो, आणि त्याबरोबर फ्लेवनॉल्सही बरेचसे जातात. म्हणजे काळाकुट्ट रंग बघून "वा, एकदम शुद्ध दिसतंय" असं जे वाटतं ते फसवं आहे. टक्क्यांवरूनसुद्धा फ्लेवनॉल्स किती उरलेत ते कळत नाही, आणि बहुतेक रॅपरवर तो आकडा छापलेलाच नसतो. मग जी गोष्ट तुम्हाला मोजताच येत नाही तिच्यासाठी रोज नाक दाबून 99 टक्केवालं गिळण्यात काय अर्थ आहे सांगा.

अभ्यासांचं थोडक्यात सांगते. हे सगळं कुतूहल वाढलं त्याला एक मोठं कारण म्हणजे पनामाच्या सान ब्लास बेटांवरचे कुना लोक. त्यांचं ब्लड प्रेशर वयाबरोबर वाढत नाही असं दिसलं, आणि ते कोको भरपूर पितात. हार्वर्डच्या नॉर्मन होलेनबर्ग यांनी याच्यावर बरीच वर्षं काम केलं, आणि तेच लोक शहरात राहायला गेले की त्यांचंही प्रेशर वाढतं, म्हणजे आनुवंशिक काही नसावं असं दिसलं. अर्थात शहरात गेल्यावर कोको सोडून बाकीचं खाणंपिणं, राहणीमान सगळंच बदलतं. पुढे 2017 साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळून बघणाऱ्या संस्थेने 35 ट्रायल्स एकत्र करून बघितल्या तर कोकोने प्रेशर कमी होतं पण सरासरी 2 पॉइंटपेक्षाही (mmHg) थोडं कमीच. आणि 2022 साली कॉसमॉस नावाच्या खूप मोठ्या ट्रायलचे निकाल आले, 21 हजारांवर वयस्कर लोक, अर्ध्यांना रोज 500 मिलिग्रॅम कोको फ्लेवनॉल्सच्या कॅप्सूल. हृदयविकाराच्या एकूण घटनांमध्ये ठामपणे म्हणावा असा फरक पडला नाही, हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र 27 टक्क्यांनी कमी दिसले. आशा वाटावी असा आकडा आहे, पण तो ट्रायलचा मुख्य प्रश्न नव्हता. आणि लक्षात घ्या, कॅप्सूल! चॉकलेट नाही. तेवढे फ्लेवनॉल्स साध्या बारमधून मिळवायला गेलं तर त्याच्या कितीतरी आधी कॅलरीज हाताबाहेर जातात.

2024 च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला अभ्यास मला जास्त कामाचा वाटतो, कारण तो माणसं खरोखर जे खातात त्यावर आहे. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा डार्क चॉकलेट खाणाऱ्यांमध्ये टाइप 2 डायबिटीसचा धोका 21 टक्क्यांनी कमी दिसला, मिल्क चॉकलेटने असं काही दिसलं नाही, उलट त्याचा वजन वाढण्याशी संबंध दिसला. हा निरीक्षणाचा अभ्यास, डार्क खाणारे लोक एरवीही जरा जपून खात असतील, म्हणून यावरून कारण आणि परिणाम असं नातं जोडता येत नाही. पण निदान एवढं कळतं की थोडं डार्क चॉकलेट चांगल्या आहारात बसतं, त्याने काही बिघडत नाही.

आमच्या घरी आईचा प्रश्न वेगळाच होता, ती म्हणाली अगं पण त्यात फॅट किती असतं. असतं, भरपूर असतं, 100 ग्रॅममध्ये 40 ग्रॅमच्या वर. पण कोको बटरमधलं साधारण एक तृतीयांश फॅट स्टिअरिक अॅसिड असतं, जे सॅच्युरेटेड असूनही वाईट कोलेस्टेरॉल वाढवत नाही, आणि अजून एक तृतीयांश ओलेइक, तेच जे ऑलिव्ह ऑइलमध्ये मुख्य असतं. उरलेलं बरंचसं पामिटिक, ते मात्र वाढवतं. म्हणून दोन तुकड्यांची चिंता करू नकोस आणि आख्ख्या बारला हे उत्तर देऊ नकोस, असं सांगितलं तिला. त्याच दोन तुकड्यांत 2 ग्रॅम फायबर, 45 मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम आणि 2 मिलिग्रॅमहून थोडं जास्त लोहही मिळतं. लोहाच्या आकड्यावर फार उड्या मारू नका पण, कोकोमधलीच पॉलिफिनॉल्स (फ्लेवनॉल्स ज्यात मोडतात तो द्रव्यांचा गट) ते शोषू देत नाहीत नीट.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, खायचं कसं. घाई करून चावून गिळलं तर 80 टक्केवालं नुसतं कडू लागतं आणि लोक म्हणतात हे कसलं चॉकलेट. तुकडा मोडा, चांगलं टेंपर केलेलं, म्हणजे बनवताना तापमान सांभाळून नीट गोठवलेलं असेल तर सुकी काडी मोडल्यासारखा कट्ट आवाज येतो आणि कडा स्वच्छ तुटते. कोको बटर सहा प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकतं आणि चॉकलेट बनवणारे त्यातला बरोबर पाचवा प्रकार जमवून आणतात, चकाकी, तो आवाज आणि साधारण 34 अंशांना वितळणं हे सगळं त्याचंच देणं. आपल्या तोंडाचं तापमान त्याच्या जरा वर, म्हणून ते हातात टिकतं आणि जिभेवर विरघळतं. एकदा चावून दोन-तीन भाग करायचे आणि मग दात लावायचेच नाहीत, जीभ आणि टाळूमध्ये धरून ठेवायचं. पहिल्यांदा कडू वाटतं, मग वितळायला लागलं की मागून आंबटसर काहीतरी येतं, बेरीसारखं किंवा मनुक्यासारखं, मग भाजलेल्या दाण्यांचा स्वाद, आणि गिळल्यावर बराच वेळ तोंडात रेंगाळणारा तुरटपणा. मादागास्करचा कोको आंबटसर फळांच्या अंगाने जातो, घानाचा आपला ओळखीचा चॉकलेटी चॉकलेट. असं खाल्लं की एक तुकडा दोन-तीन मिनिटं पुरतो आणि दुसऱ्यानंतर तिसरा हवासाच वाटत नाही, कारण कडू आणि तुरट चव गोडासारखी अजून अजून करायला लावत नाही. माझ्या दृष्टीने याचा आहारातला खरा फायदा हा आहे, की जेवणानंतर जी काही गोडाची तलफ येते ती 6 ग्रॅम साखरेत भागते आणि मन खट्टूही होत नाही.

सवय मात्र हळूहळू लावा. माझ्या बहिणीने थेट 85 टक्के खाल्लं आणि सरळ परत केलं, मग तिला 55 दिलं, ते आवडलं, मग 65, आता ती 75 खाते आणि मिल्क चॉकलेट तिला घशाशी येतं इतकं गोड लागतं. जीभ बदलते, वेळ द्या तिला.

कोणी जपून राहावं तेही सांगते. कोकोमध्ये कॅफिन आणि त्याच्याच जातीचं थिओब्रोमिन दोन्ही असतात, दोन तुकड्यांत कॅफिन 15-16 मिलिग्रॅम म्हणजे कपभर कॉफीच्या तुलनेत अगदी थोडं, तरी ज्यांची झोप हलकी आहे त्यांनी रात्री नको. अॅसिडिटीवाल्यांना त्रास होऊ शकतो, ऑक्सलेटचे मुतखडे होणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून. घरात कुत्रा असेल तर बार त्याच्या तोंडाला लागणार नाही अशाच जागी ठेवा, थिओब्रोमिन त्यांच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही आणि डार्कमध्ये ते जास्त असतं, जीवावर बेतू शकतं.

आणि जड धातूंचं. 2022 च्या शेवटी अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने 28 डार्क बार तपासले, सगळ्यांत शिसं आणि कॅडमियम सापडलं, आणि त्यातले 23 असे होते की रोज 28 ग्रॅम खाल्लं तर कॅलिफोर्नियाच्या निकषांनुसार निदान एका धातूचं प्रमाण जास्त व्हावं. ते निकष बरेच कडक आहेत हे खरं, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. कॅडमियम झाड मुळांतून मातीतलं ओढून घेतं, शिसं मुख्यतः बिया उघड्यावर वाळताना धुळीतून बसतं. कोको जास्त म्हणजे धातूही जास्त असण्याची शक्यता, म्हणून 90 च्या वरचं मी रोज खात नाही, ब्रँड बदलत राहते, आणि गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी रोजच्या रोज न खाता कधीतरी थोडं खावं असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटचं, ठेवायचं कसं, कारण हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. 15 ते 18 अंश सगळ्यात उत्तम, कोरडी आणि अंधारी जागा, तीव्र वासाच्या कशाच्याही शेजारी नको कारण कोको बटर वास पटकन ओढून घेतं. गरम हवेत फ्रिजशिवाय पर्याय नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि खायच्या आधी डबा बाहेर काढून बंदच राहू द्या अर्धा तास, लगेच उघडलं तर थंड बारवर दव धरतं, त्यात साखर विरघळते आणि सुकल्यावर खरखरीत पांढरा थर उरतो. दुसरा एक गुळगुळीत पांढुरका थर दिसतो तो उष्णतेने वर आलेल्या कोको बटरचा. दोन्ही बुरशी नाहीत, बार फेकू नका. तुकडा म्हणून खायला मजा येणार नाही पण बारीक चिरून गरम दुधात घाला, चिमूटभर मीठ टाका, छान लागतं.