तुमच्यात तर सगळं चालते ना?

गेल्या महिन्यात मानेवाड्यातल्या एका लग्नात जेवायला बसले होते. वांगं-आलूची भाजी, वरण, भात वाढून झाला, तेवढ्यात शेजारच्या बाई म्हणाल्या, "काहून जी ताई, मटण तर तिकडं आहे. तुमच्यात तर सगळं चालते ना?"

मी ख्रिस्ती, जन्मापासून नागपूरची, आणि मांस, मासे, अंडी खात नाही. दूध चहात पडतं तेवढंच. ऑफिसात लोक कुतूहलाने विचारतात, चर्चमध्ये काळजीने विचारतात. आमच्या मंडळीतल्या एका काकांनी तर बाजूला घेऊन विचारलं होतं, "बेटा, सोवळं-बिवळं पाळायला लागलीस का?" पंगतीत एवढं सगळं सांगता येत नाही, म्हणून इथे नीट सांगते.

सुरुवात लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत झाली. आमच्या घरी लेंटचे चाळीस दिवस मटण बंद, आणि ईस्टरच्या दुपारी सावजी मसाल्याचा रस्सा. बाबा त्या रश्शाची वाट पाहायचे. वीस वर्षं त्यांना शुगर होती. शेवटी डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. ती जखम पुढे कित्येक दिवस मी धुतली आहे. ते गेल्यानंतर दोन वर्षांनी माझं स्वतःचं एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.३ आलं. ६.५ ला मधुमेह म्हणतात. त्या लेंटला मटण सोडलं आणि ईस्टरला पुन्हा सुरू केलं नाही.

वर्षभराने पुन्हा तपासलं तर आकडा तिथेच. कारण माझ्याच ताटात होतं. सकाळी तर्री पोहे, चार वाजता आलूबोंडा, रात्री भाताचा डोंगर आणि वर नुसतं पातळ वरण. मटण गेलं, त्याच्या जागी मैदा आणि तेल येऊन बसलं. बिस्किटाचा पुडाही शाकाहारीच असतो. म्हणून कोणी मला "शाकाहार सुरू केला" असं सांगितलं की मी आधी विचारते, काय सोडलं ते राहू द्या, काय खाता ते सांगा.

मग मी आजीच्या जेवणाकडे वळले. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, हिवाळ्यात तुरीचे सोले, रविवारी गोळा भात. अर्धं ताट भाजी आणि दोन्ही वेळेला डाळ किंवा उसळ, एवढाच नियम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते. एकदा घरच्या काट्यावर मोजून बघा, आपण सहसा तिथवर पोचत नाही. आणि जवसाची चटणी. लोखंडी तव्यावर मंद आचेवर जवस टाकलं की थोड्या वेळात तडतडायला लागतं, तेव्हा वर ताटली धरायची, नाहीतर अर्धं ओट्यावर. गार झालं की भिवापुरी मिरची, लसूण, मीठ घालून कुटायचं. खलबत्त्यातून बोट काढलं की तेलाने चकाकतं. मासे सोडलेल्या माणसाला ओमेगा-३ नावाचं चांगलं स्निग्ध मिळायची ही आपल्या भागातली चांगली सोय, पण जवस कुटलेलंच हवं. अख्खा दाणा पचत नाही, जसाच्या तसा बाहेर पडतो.

पुढच्या दीड वर्षात आकडा ५.८ वर आला. त्याच सुमाराला पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या आणि मी घाबरले, बाबांचंही तिथूनच सुरू झालं होतं. निघालं बी-१२ कमी. हे जीवनसत्त्व भाजीपाल्यातून मिळत नाही, त्यामुळे मांस-अंडी न खाणाऱ्या आणि दूधही नावापुरतंच घेणाऱ्याला ते बाहेरून घ्यावंच लागतं. माझ्यासारखं जेवणाऱ्याने आधी रक्त तपासून डॉक्टरांना विचारावं, हे मी हात जोडून सांगते. मी आता गोळी घेते. देवाने दिलेली बुद्धी वापरणं हा विश्वासाचा कमीपणा नाही.

खाण्याच्या बाबतीत ख्रिस्ती लोकांवरच झालेला एक मोठा अभ्यास आहे. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे बरेच लोक श्रद्धेपोटी शाकाहारी असतात. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठाने २००२ पासून अमेरिका-कॅनडातल्या या पंथाच्या सुमारे ९६ हजार लोकांची माहिती गोळा केली. त्यांच्यातल्या मांसाहारींमध्ये टाइप-२ मधुमेह ७.६ टक्के, तर दूध-अंडीही न खाणाऱ्यांमध्ये २.९ टक्के आढळला. सगळं श्रेय भाजीला देता येत नाही, वजनाचा आणि राहणीचाही त्यात वाटा असतो. मी त्या पंथाची नाही, पण आपल्याच विश्वासातल्या लोकांनी शरीराला पवित्र आत्म्याचं मंदिर मानून पिढ्यान्‌पिढ्या असं जेवण सांभाळलं, याचा मला आधार वाटला.

आता पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देव माणसाला बी देणाऱ्या वनस्पती आणि झाडांची फळं अन्न म्हणून देतो. मला ते वचन फार प्रिय आहे. सोले सोलताना ते हमखास आठवतं. पण तेवढंच वाचून थांबणं प्रामाणिकपणाचं नाही. जलप्रलयानंतर नोहाला मांसाचीही मोकळीक मिळते, आणि पुनरुत्थित प्रभू शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो. बाबेलच्या राजाकडे नेलेल्या दानीएलाचे भाजी आणि पाण्याचे दहा दिवस सगळे सांगतात, मात्र तो राजाच्या ताटाला नाही म्हणत होता. त्याच पुस्तकात पुढे तो तीन आठवडे मांस आणि द्राक्षारस वर्ज्य करतो, म्हणजे एरवी ते घेत असणार. बायबल मला मटण खाऊ नको असं सांगत नाही. तसं कोणी सांगत असेल तर ते पदरचं आहे.

आपल्याकडे ही गोष्ट जास्तच नाजूक आहे. ब्राह्मण घरात जन्मलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तरी त्या शाकाहारीच राहिल्या. अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा त्यांनी नाकारलं, आणि त्यांना जपणाऱ्या सिस्टरांना त्यात जातीचा अवशेष दिसला. रमाबाईंबद्दल मला आदर आहे. पण माझी आजी दुसऱ्या टोकाची. तिच्या लहानपणी घरावर मांसाच्या चान्या, म्हणजे पट्ट्या, वाळायच्या. दुष्काळात त्यांच्यावर घर जगलं, आणि त्याच चान्यांसाठी गावाने त्यांना विहिरीपासून लांब ठेवलं. प्रभूच्या मेजाशी, म्हणजे चर्चमधल्या प्रभुभोजनाला, पहिल्यांदाच असं झालं की आजीला कोणी विचारलं नाही, तू काय खातेस. येशूचा शिष्य पेत्र याला दृष्टान्तात चादरीतले प्राणी दाखवून देवाने जे शुद्ध केलं त्याला अशुद्ध म्हणू नको असं सांगितलं, ते आजीने घट्ट धरून ठेवलं होतं.

म्हणून कोणी मला "शुद्ध शाकाहारी" म्हटलं की त्यातला पहिला शब्द मी तिथल्या तिथे परत करते. चार वर्षांपूर्वी भाड्याने घर शोधत होतो. एक घरमालक म्हणाले, नॉनव्हेजवाल्यांना देत नाही, पण तुम्ही खात नाही तर तुम्हाला देतो. घर छान होतं, हवेशीर, मुलीच्या कॉलेजजवळ. मला आईचा चेहरा दिसला. ती नातीकडे राहायला येणार आणि बोंबील तळायचे तर माझी परवानगी काढणार? आम्ही घेतलं नाही. माझी भाजी दुसऱ्याच्या ताटावर थुंकायला वापरली जाणार असेल, तर मी उद्या मटण खाईन.

खरंच खाल्लंही आहे एकदा. भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात मंडळीतल्या म्हाताऱ्या मावशींकडे प्रार्थनेला गेलो होतो. विधवा बाई, एकटी राहते. पोचलो तेव्हा कोंबडी कापून झाली होती, चूल पेटली होती. जर्मनच्या ताटलीत भात, वर दोन तुकडे आणि रस्सा, आणि मावशी समोर पदर सावरून माझ्या तोंडाकडे पाहत बसलेल्या. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू शिष्यांना गावोगाव पाठवताना सांगतो, तुमच्यापुढे जे वाढतील ते खा. मी दोन्ही तुकडे खाल्ले, रस्सा भातात कालवून खाल्ला, आणि अजून थोडा भात मागून घेतला.

मावशींना मी काही सांगितलं नव्हतं. पण पुढच्या हिवाळ्यात गेले तर चुलीवर सोल्यांची भाजी होती. निघताना त्यांनी पिशवीत दोन पायल्या जवस घातलं आणि म्हणाल्या, "तू हे खाते म्हणे ना, बाई."