पट्टीखालची सुतळी

क्रीडा सप्ताह जवळ आला की शाळेत आधी फक्कीची पोती यायची, मग ‘कोण कशात’ ही यादी लागायची. यादीत काही नावांपुढे वर्षानुवर्षं एकच शब्द असे: गुणलेखक. कुबड्यांवर चालणारा गुणलेखक, व्हीलचेअरवरची मुलगी गुणलेखक. कमी दिसणाऱ्यांना तेही नाही, त्यांनी मंडपात बसून टाळ्या वाजवायच्या. ही यादी मीच करायचो. आपण पोरांना जपतोय, असंच मला वाटायचं.

मग एका वर्षी नव्या बाई आल्या. त्यांनी यादीवर बोट ठेवून विचारलं, “यांचा सराव कधी असतो, सर?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सुरुवात बोचियाने झाली. सहा तांबडे, सहा निळे चेंडू आणि एक पांढरा. आपला चेंडू पांढऱ्याच्या जवळात जवळ न्यायचा. ज्याला हाताने टाकता येत नाही, त्याने उतरणीवरून सोडायचा. उतरण हलवणाऱ्या मदतनिसाने मात्र मैदानाकडे पाठ करून बसायचं, सगळं ठरवणार खेळाडूच. मदतनीस मी होतो. पाठ केली तरी जीभ गप्प बसेना. “जरा डावीकडे घेऊ का?” म्हटलं, तर व्हीलचेअरवरून हुकूम आला, “सर, तुम्ही बोलायचं नाही.”

चुकाही झाल्या. ऐकू न येणाऱ्या मुलासाठी शिट्टीबरोबर झेंडा खाली करायचा ठरला होता, तो मी विसरलो. सगळे पळाले, हा रेघेवर उभाच. शर्यत पुन्हा घेतली. त्याने नंतर दोन दिवस माझ्याकडे पाहिलं नाही, आणि बरोबरच होतं त्याचं.

पण सगळी शाळा वाट पाहायची ती गोलबॉलची. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९४६ मध्ये निघालेला हा खेळ. एका बाजूला तीन खेळाडू, साऱ्यांचे डोळे झाकलेले, सव्वा किलोच्या चेंडूत घुंगरं. चेंडू जमिनीवरून समोरच्या गोलाकडे सोडायचा, समोरच्यांनी आवाजावरून आडवं पडून तो अडवायचा. रेघांच्या चिकटपट्टीखाली सुतळी घालतात, म्हणजे बोटांनी चाचपून जागा कळते. चेंडू ऐकू यायचा तर प्रेक्षकांनी चिडीचूप. एरवी ओरडून घसा बसवणारी आमची पोरं तोंडावर हात दाबून बसत. पहिलीतलं कुणी शिंकलं, तरी पाच-पन्नास डोळे वटारले जात. धावण्यात पहिला येणारा आमचा पठ्ठ्या एकदा हौसेने पट्टी बांधून उतरला, आणि चेंडू उजवीकडून येत असताना मोठ्या आत्मविश्वासाने डावीकडे आडवा झाला.

खरा फायदा सप्ताहाबाहेर झाला. स्पर्धा म्हटली की सराव आला, सराव म्हटला की तास आला. पी.टी.च्या तासाला वाचनालयात धाडली जाणारी मुलं आता मैदानावर येऊ लागली. पुढे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अपंग मुलांनाही दिवसाला सरासरी ६० मिनिटांची दमवणारी हालचाल हवी, असं सांगितलं. आमचं गणित तिथवर कधी गेलं नाही, हेही खरं.

सप्ताह संपला की हॉलमधल्या पट्ट्या मी उपटायचो. सुतळी बोटांना चिकटून बसे. एका वर्षी गेलो तर पोरांनी हात लावू दिला नाही. पुढच्या शनिवारी सामना ठरला होता म्हणे. मला कुणी विचारलंही नव्हतं.